रुमालवाले भाऊ

खडवलीहून रोज लोकल पकडलेला माणूस कुठेही गेला तरी आधी जागा धरतो. कसाऱ्याहून सुटलेली गाडी वासिंद सोडून खडवलीला लागते तेव्हाच तुडुंब असते. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून ज्याने नोकरी काढली, त्याला निवृत्तीनंतरही सगळं जग भरलेलंच दिसतं. आमच्या भाऊंच्या खिशात कायम दोन रुमाल. एक घामाचा, एक जागेचा.

या गृहस्थांबरोबर आम्ही हर्णैला गेलो. घरगुती लॉज, मोजक्या खोल्या, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आडवार असल्यामुळे आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. तरी भाऊंनी उतरल्या उतरल्या ओटीवरच्या झोपाळ्यावर रुमाल टाकला. मालकीणबाईंनी तो धुवायचा समजून उचलला, तर भाऊ आतून ओरडले, "वहिनी, तिथे माणूस आहे!"

बाईंनी झोपाळ्याखाली वाकून पाहिलं.

खोली दाखवताना त्या कौतुकाने म्हणाल्या, "खिडकी समुद्राकडे उघडते हो." "ते असू दे, वाऱ्याची आहे का?" जेवताना तर सोलकढीच्या वाटीशेजारी रुमाल. चार माणसं आणि आठ खुर्च्या!

संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. होड्या उथळ पाण्यात थांबतात, बैलगाड्या थेट लाटांत शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात. पापलेट, सुरमईचे ढीग, भोवती घोळका आणि बोलीचा कालवा. भाऊंना ही गर्दी एकदम घरची वाटली. एका पालथ्या टोपलीवर त्यांनी रुमाल टाकला. तेवढ्यात एक कोळीण आली, तिने त्याच रुमालाला खवल्यांचे हात पुसले आणि टोपलीवर ऐसपैस बसली. भाऊ पाहतच राहिले. "ही बाई कसाऱ्याची असणार," एवढंच म्हणाले.

त्यांची भाची फ्रान्सला असते. तिने ब्रिटनीतल्या गिलविनेक बंदराचे फोटो पाठवले होते. तिथेही दुपारी होड्या परततात आणि पर्यटक गच्चीवरून बघतात. भाऊंनी फोटो मोठा करून न्याहाळला. "सगळे उभे! एकाला रुमाल टाकायचं सुचू नये?"

वैताग येतो, पण कबूल करायला हवं, त्या रुमालावर भाऊ स्वतः फारसे बसले नाहीत. सीएसएमटीला गाडी थांबायच्या आत खिडकीतून फेकलेल्या त्या रुमालाने मिळवलेली जागा कधी रात्रपाळीवाल्याची, कधी गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्याची, पुष्कळदा माझी. भाऊ दाराशी उभे.

निवृत्तीनंतर एकदा ते हौसेने जुन्या डब्यात चढले. गँग नवी, कुणी ओळखलं नाही. "काका, आत सरका," एवढंच कानावर आलं.

त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. राग आहे तो वेगळाच. "हल्ली पोरं रुमाल नाही टाकत, सरळ बॅग टाकतात," रात्री झोपाळ्यावर ते सांगत होते, "आणि मग मेले स्वतःच बसतात!"