परगावच्या चेंडूचा जमाखर्च

मनुष्याने आपली आवड शक्यतो आपल्या तालुक्याच्या हद्दीत ठेवावी, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. कारण आवड एकदा हद्द ओलांडून गेली, की तिच्यामागून धाडलेल्या प्रत्येक रुपयावर नाक्यानाक्यावर जकात बसते. आमच्या वरकुट्यात ज्याला कुस्ती आवडते त्याला जत्रेच्या फडात कोणी तिकीट विचारत नाही, आणि ज्याला क्रिकेट आवडते त्याच्यासाठी ऊस तुटून गेलेल्या रानात पोरे दिवसभर फुकट खेळत असतात. परंतु शिक्षणाच्या निमित्ताने काही वर्षे कोल्हापुरात काढल्यामुळे मला फुटबॉलचे व्यसन जडले, आणि इंदापूर तालुक्यात या व्यसनाची तजवीज ना निसर्गाने करून ठेवली आहे, ना पंचायत समितीने.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढे निवेदन पुरे, की ज्या तालमींत मल्लविद्येची उपासना व्हावयाची त्या तालमींनीच तेथे फुटबॉलचे संघ उभे केले आहेत, आणि पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी भारदस्त नावे धारण करणारे हे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर ठाकले, म्हणजे ज्यांच्यात सोयरीक आहे अशी माणसेही त्या दिवसापुरती एकमेकांना ओळख देत नाहीत. हा सामना जागेवर जाऊन पाहावा, हा पहिला मार्ग. त्याचा खर्च काढताना भोळा मनुष्य एस.टी.चे भाडे मांडून थांबतो. वास्तविक ती सर्वांत किरकोळ बाब होय. मित्राकडे उतरायचे तर रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून डाळिंबांची पेटी न्यावी लागते. पेटी स्वीकारल्यावर मित्रही रिकाम्या हाताने पाठवीत नाही म्हणून गुळाचा रवा गळ्यात पडतो. रवा वागविण्यास हमाल लागतो. आणि कोल्हापूरला जाऊन चपला न आणणारा गृहस्थ घरात कोणत्या पायाने प्रवेश करणार, या विचाराने कुटुंबातील प्रत्येक पायाचे माप खिशात घेऊनच निघावे लागते.

दूर बसून पाहण्याचा दुसरा मार्ग एके काळी फार सरळ होता. पोस्टात जाऊन रेडिओसाठी सालीना पंधरा आणि टीव्हीसाठी पन्नास रुपये परवाना फी भरली, की सरकारचा आणि आपला हिशोब चुकता होई. पुढे 1980 च्या दशकात तोही परवाना रद्द झाला. 1986 साली मॅराडोनाचे पराक्रम दूरदर्शनने मेक्सिकोहून थेट दाखविले, तेव्हा दर एक, दुकान एक आणि वाहिनीही एकच असल्यामुळे कोणता मार्ग स्वस्त, ही विवंचना कोणास पडली नाही. नंतर खाजगी वाहिन्या आल्या, खेळ लिलावात निघाले, आणि राष्ट्रीय महत्त्वाचे सामने तरी रयतेला फुकट दिसावेत म्हणून सरकारने 2007 साली कायदा करून हक्कदारांस ते प्रसारभारतीला देण्याचे बंधन घातले. त्यापासूनचे टीव्हीवरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कदाराला पंचाहत्तर टक्के आणि प्रसारभारतीला पंचवीस टक्के, अशी ही वाटणी बटईने रान लावणाऱ्या आमच्यासारख्यांस समजण्याजोगी आहे. मात्र पाटाकडील आणि दिलबहार यांच्या झुंजीला दिल्लीदरबारी अद्याप राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झालेले नाही. कोल्हापूरचे मत याहून भिन्न आहे.

सुदैवाने कोल्हापूरची हौशी मंडळी हल्ली आपले सामने यूट्यूबवर थेट दाखवितात. हा मार्ग फुकट म्हणून गणला जातो, आणि म्हणूनच तो महाग आहे. दुपारी चारच्या सुमारास ओसरीवर मोबाइल उभा केला, की लाल धुरळ्यात चेंडू कोठे आहे हे शोधण्यास मदत करण्यासाठी आळी गोळा होते; चेंडू कोणास सापडत नाही, चहा मात्र सर्वांस सापडतो.

राहता राहिला विलायती फुटबॉल. त्यासाठी छपरावर छत्री बसवावी, तर 2019 च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या दरपत्रकाने पहिल्या शंभर वाहिन्यांचे 130 रुपये आणि त्यांवरील कर मिळून 153 रुपये 40 पैसे, ही केवळ उंबरठ्याची पट्टी ठरविली. गुच्छातल्या वाहिनीची किंमत 19 रुपयांपर्यंत, ती निराळी. सरकारी फ्री डिशला मासिक आकार नाही, परंतु तीवर इंग्लंडची लीग शोधणे म्हणजे उन्हाळ्यात कालव्याच्या शेपटाला पाणी शोधणे होय. अॅप घ्यावे, तर इंग्लंडची लीग जिओहॉटस्टारवर आणि युरोपची चॅम्पियन्स लीग सोनी लिव्हवर, अशी भाऊबंदकीत रान विभागावे तशी खातेफोड झालेली. त्यांपैकी पहिल्याने 2025 साली आपल्या जन्माबरोबर मोबाइलपुरता तीन महिन्यांस 149 रुपये असा दर जाहीर केला, आणि तोच मी तुलनापत्रकात सर्वांत वर मांडून मंजुरीसाठी सौभाग्यवतींपुढे ठेवला.

त्यांनी पत्रक वाचून एकच हरकत नोंदविली. "अहो, यात झोपेचा रकाना कुठं आहे?"

हरकत बिनतोड होती. इंग्लंडात रात्री आठला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजता सुरू होतो, आणि दीडला उठणाऱ्या मनुष्याचा दुसरा दिवस कोणत्या भावाने धरावा, हे कोणत्याही दरपत्रकात नमूद नसते. परंतु या रकान्याचा निवाडा आमच्या विजेने पूर्वीच करून ठेवला आहे. शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली, की थंडीत बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारे धरण्यास जावेच लागते. मग स्टार्टरच्या पेटीवर मोबाइल टेकवून, एक कान मोटारीच्या घरघरीकडे आणि एक डोळा गोलाकडे ठेवून मी सरीमागून सरी भिजवितो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत दोन बारी मोडून होतात, आणि गोल झाल्यावर मी जी आरोळी ठोकतो तिने रानडुकरे आणि, असल्यास, बिबट्याही शेजाऱ्याच्या फडात स्थलांतर करतो. ती झोप फुटबॉलने घेतलेली नाही. ती आधीच सरकारजमा झाली होती.

या कैफियतीवर सौभाग्यवतींनी क्षणभर विचार केला. रात्रीच्या दाऱ्यांना गडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी दुप्पट मागतो आणि बांधावर घोंगडी पांघरून घोरतो, हे त्यांस ठाऊक होते. आणि रात्रीला पावणेदोन रुपयांच्या आत टक्क जागा राहणारा, वर आरोळ्या ठोकून जनावरे हाकणारा गडी उभ्या तालुक्यात दुसरा नाही, हेही त्यांनी मनातल्या मनात ताडले असावे. तुलनापत्रकावर त्यांनी शेरा मारला तो असा, की 149 रुपये मंजूर, मात्र करमणुकीच्या सदरातून नव्हे. ते उसाच्या लागवडखर्चात 'दारे धरणे' या बाबीखाली पडावेत, आणि ज्या आठवड्यात लाइट दिवसाची असेल त्या आठवड्यात इंग्लंडने आपले सामने खुशाल खेळावेत, आमच्याकडून पाहणारा कोणी जागा राहणार नाही.