ऊन पडलेला शनिवार: हॅरोहून जळगावच्या घरी

इंग्लंडमध्ये जूनच्या शनिवारी कडक ऊन पडणार, ही बातमी गुरुवारीच मोबाइलवर येते आणि घरातले आधीचे सगळे बेत तिथल्या तिथे रद्द होतात. लंडनच्या वायव्येला हॅरोत राहणाऱ्या जळगावच्या कुटुंबातही हाच शिरस्ता पाळला जातो. जळगावात ज्या उन्हापासून वाचायला भरदुपारी दारे-खिडक्या लावून बसतात, ते हॅरोत वाया घालवणे हा गुन्हा मानतात. कायद्यात त्याला शिक्षा नाही, पण शेजारीण कुंपणावरून विचारते.

जूनमध्ये हॅरोत पावणेपाचला उजाडते, म्हणजे मुलेही पावणेपाचला उठतात. सातपर्यंत घरातली प्रत्येक चादर मशीनमधून निघून दोरीवर पोचलेली असते. यात मळलेल्या किती आणि केवळ ऊन आहे म्हणून धुतलेल्या किती, याची चौकशी करू नये. नऊला जळगावी व्हिडिओ कॉल होतो. तिथे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि आजोबा नुकतेच आडवे झालेले असतात. कॉलचा मुख्य हेतू ऊन दाखवणे हा असतो. मे महिना सोसून बसलेले आजोबा ते बराच वेळ निमूटपणे पाहतात आणि ‘टोपी घाला’ म्हणतात.

यानंतर वाळवण. कुरडया या देशात होत नाहीत, कारण त्यांचे गहू तीन दिवस भिजवावे लागतात आणि इतक्या आधी उन्हाची हमी कोणी देत नाही. बिबड्यांच्या ज्वारीचेही तेच. म्हणून गाडे साबुदाण्याच्या पापड्यांवर येते: साबुदाणा शुक्रवारी रात्री भिजतो, शनिवारी सकाळी शिजतो आणि प्लॅस्टिकवर पळीने घातला जातो. राखणीला धाकट्याला बसवतात. जळगावात चिमण्या-कावळे हाकलायचे असतात. हॅरोत गुबगुबीत कबुतरे आणि खारी येतात. खारीला ‘हाड’ म्हटलेले कळत नाही. जूनच्या मध्यान्ही तिथला सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांपर्यंत चढतो. जळगावासारखा डोक्यावर कधीच येत नाही. परिणामी पापडी वरून वाळते आणि खालून चिकटून राहते. रविवारी ढग आले, आणि ते येतातच, तर उरलेले काम ओव्हन करतो. अशा पापडीला उन्हातली म्हणावे का, यावर घरात दोन पक्ष आहेत.

दुपारी परसातली शेगडी पेटते. साऱ्या गल्लीत सॉसेजचा धूर आणि या घरी वांग्याचा. खानदेशात भरीत थंडीत होते, हिरव्या वांग्यांचे, पऱ्हाट्यांच्या जाळावर. इथे ते जूनमध्ये, जांभळ्या पाणचट वांग्यांचे आणि दुकानातल्या कोळशावर होते. चव निम्म्यावर येते, पण शेंगदाणे, लसूण आणि हिरव्या मिरच्या सढळ हाताने घातल्या की कोणी तक्रार करत नाही. शेजारी उघड्या अंगाने ऊन खात पडलेले असतात आणि हळूहळू लाल होतात. आइस्क्रीमची गाडी घंटी वाजवत येते. एका वेळी बारा सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नये असा सरकारी दंडक आहे, मात्र मुलांना चार सेकंद पुरतात.

खरी परीक्षा रात्री असते. लंडन परिसरात सलग तीन दिवस कमाल तापमान २८ अंश राहिले की उष्णतेची लाट धरतात. भारताच्या मैदानी भागात त्यासाठी किमान ४० अंश लागतात. जळगावकर पहिल्या वर्षी यावर हसतो आणि दुसऱ्या वर्षी टेबलफॅन शोधत दुकाने पालथी घालतो. कारण इंग्लंडमधली घरे थंडीत ऊब धरून ठेवायला बांधलेली: भिंतींत उष्णतारोधक भरण, दुहेरी काचेच्या खिडक्या, छताला पंखा नाही. दिवसभराची उष्णता माडीवर मुक्कामाला येते. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तो या देशाचा विक्रम आहे. जळगावात त्या आकड्याला मे महिन्यात कोणी वर मान करून पाहत नाही, पण तिथे घरात कूलर असतो.

सूर्य सव्वानऊ उलटल्यावर मावळतो. तोवर मुलांना झोपवण्यात अर्थ नसतो. दिवस संपलाच नाही, हा त्यांचा मुद्दा पालकांना खोडता येत नाही.

पुढच्या जूनमध्ये जळगावहून कोणी येणार असेल, तर धुवट सुती चादरी आणि कुरडयांचा डबा आणावा. स्वेटरही आणावा, रविवारी लागतो.