खालचा थर

आमच्या अण्णांना कुठलीही वस्तू नुसती वरून बघता येत नाही. वाशीच्या एपीएमसी मार्केटात, फळबाजारात त्यांचा गाळा. मी तिथला मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारा. फळबाजार 1996 साली क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला. अण्णा त्याच्याही आधीपासून पेट्या फोडताहेत. हापूसची पेटी पुढ्यात आली की वरचा थर न बघताच बाजूला. "वरचा थर गिऱ्हाइकासाठी असतो, मेहता. माल खाली असतो." मग गवतात हात घालून तळाचं फळ काढायचं आणि देठाशी नाक लावायचं. लेकीला स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलगा दिवाणखान्यात घामाघूम, आणि अण्णा मागल्या दारी मोरी बघत उभे.

असा माणूस बाजारात गाळ्यागणिक एक सापडेल. तो फ्लॅट घ्यायला गेला तर आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडतो.

डिसेंबरात, आंब्याला अजून अवकाश होता तेव्हा, लेकाने अण्णा आणि काकूंसाठी लक्षद्वीपच्या क्रूझची तिकिटं काढली. "हिशेबाला माणूस पाहिजे" म्हणून अण्णांनी मलाही घेतलं. मी जन्मात पहिल्यांदा जहाजावर वही घेऊन चढलो.

लक्षद्वीपची बेटं 36, वस्ती 10 बेटांवर, सगळी मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. हे ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्याशा मालाला एवढं मोठं जहाज?" जहाज त्यातल्या अगत्ती बेटाच्या बाहेर खोल पाण्यात थांबणार, तिथून छोट्या होडीने किनाऱ्यावर जायचं. किनाऱ्यावर काय करायचं ते आदल्या संध्याकाळी निवडायचं. काउंटरवर टायवाल्या पोराने रंगीत पुस्तिका उघडली. स्कूबा, स्नॉर्केलिंग, कयाक, बेटाची फेरी. निळं पाणी, हसरी माणसं.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा झाला वरचा थर. खालचा दाखव."

पोरगं गोंधळलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्याची बोटं दाबली. आमच्याकडे आंब्याचा भाव असाच ठरतो. दाबलेल्या बोटांचा हिशेब दोघांतच राहतो, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. इथे दुसऱ्यालाही लागला नाही. त्याला वाटलं काका हात बघतात. त्याने विचारलं, "लग्नाचा योग आहे का?"

मागे रांग वाढत होती. काकूंनी तेवढ्यात पलीकडच्या काउंटरवर स्कूबासाठी सही करून टाकली. वय 58, पोहणं फक्त माहेरच्या विहिरीतलं. मी वहीत लिहिलं: काकू, स्कूबा, उधार.

अण्णांचं मात्र घोडं अडलेलं. स्नॉर्केलिंगचं ऐकून म्हणाले, "नळी तोंडात धरून मी भाव कसा विचारणार?" कयाक म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि हमाली आपणच करायची, माथाडींची आयुष्यभर मजुरी चुकती केलेल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. बेटाच्या फेरीत नारळ दिसतील म्हणून जरा थबकले. पण तिथला नारळ लहान असतो, असं मीच बोलून गेलो. तेल भरपूर, हे सांगायच्या आत पान उलटलं होतं.

शेवटच्या पानावर काचेच्या तळाची होडी होती. अण्णांनी त्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्याचा तळ उघडा आहे?"

"काचेचा आहे, सर. खालचं सगळं दिसतं."

रुमाल घडी होऊन खिशात गेला. छापील दर, एक पैसा कमी न करता, अण्णांनी मोजला. हे मी वहीत दोनदा लिहिलं, कारण लेकाचा विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी होडीत बाकीचे लोक फोटो काढत होते. अण्णा काचेवर ओणवे, नाक जवळजवळ टेकलेलं. खाली प्रवाळ, त्यात पिवळे-निळे मासे, मग एक कासव संथपणे सरकत गेलं. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. किनाऱ्यावर काकू ओल्या केसांनी हसत उभ्या होत्या. त्या जे बघून आल्या त्यातलं निम्मंही अण्णांना काचेतून दिसलं नव्हतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

परतताना अण्णांनी वही मागितली आणि अगत्तीच्या नावापुढे स्वतःच्या हाताने शेरा मारला: "वरच्यापेक्षा खालचा थर सरस." इतक्या वर्षांत कुठल्याच पेटीला हा शेरा मिळालेला नाही. देवगडच्याही नाही.