अरे, आवाज कुणाचा?

सांगायला हरकत नाही, मी सध्या ग्लोबल आहे. म्हणजे देह भवानीनगर आणि निमगाव केतकीच्या मध्ये कुठंतरी, पण आवाज परदेशी साइटवर टांगलेला. भाच्यानं टांगला. "मामा, लग्नातली सूत्रसंचालनं पुरे झाली. फ्रीलान्सर व्हा," म्हणाला. फ्रीलान्सर म्हणजे काय, तर जो कुणाचा नोकर नाही तो. आमच्याकडं अशा माणसाला रिकामटेकडा म्हणतात, पण ते प्रोफाइलवर लिहिता येत नाही.

प्रोफाइलवर अनुभव विचारतात. खरं लिहायचं तर कुस्त्यांच्या फडातलं निवेदन, "पांढरी स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी काढून घ्यावी", आणि प्रचाराच्या रिक्षा. (२०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर आल्या, तेव्हा घराणं एकच, तरी आडनावं दोन रेकॉर्ड करावी लागली.) शिवाय शेजारच्या भंगारवाल्याच्या टेम्पोसाठी केलेलं पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग. त्यानं तीनशे रुपये रोख दिले, वर चहा पाजला. भाच्यानं हे सगळं पुसलं आणि लिहिलं, 'ब्रँड व्हॉइस, ग्रामीण व इमोशनल'.

तसा भाड्याच्या आवाजाचा धंदा आमच्या भागाला नवा नाही. मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीत आले आणि बाबूजी नाईकांकडं पुराण सांगू लागले. पगारी आवाजच म्हणायचा. पंतांनी 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. तो त्यांनी थेट देवाला ऐकवला, मध्ये साइट नाही. १७९४ साली पंत गेले ते बरंच झालं. आज असते तर 'छान, पण तीस सेकंदांत बसवा' असा शेरा आणि साडेतीन तारे घेऊन बसावं लागलं असतं.

या धंद्यातली नावाजलेली पेढी म्हणजे फायव्हर. २०१० साली इस्रायलमध्ये निघाली. पाच डॉलरला काम या बोलीवर सुरू झाली, म्हणून ते नाव. काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापते, गिऱ्हाइकाकडून वेगळी फी घेते. मी ज्या साइटवर आहे ती दुसरी. नाव सांगत नाही, रेटिंग जाईल. पण वहिवाट तीच. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की व्यापाऱ्यानं भरायची, यावर आपल्याकडं वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०१६ साली सरकारनं ती खरेदीदाराच्या गळ्यात घातली. तेव्हा फटाके वाजवणाऱ्या इंदापूरच्या डाळिंबवाल्याचा पोरगा आता वीस टक्के आडतीला अंगठा लावतो, तोही मोबाइलवर, आणि घरात सांगतो की स्टार्टअप टाकलाय.

ऊस कारखान्यावर गेला की १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. चुकलं तर १५ टक्के व्याज. गंमत अशी की फायव्हरवरही काम पुरं झालं की पैसे साधारण १४ दिवस अडकून राहतात. आकडा त्यांनी कुठून उचलला कोण जाणे, भवानीनगरच्या कारखान्यावर कुणी पाहुणा असावा. फरक एवढाच की उसाच्या बिलासाठी चेअरमनच्या दारात बसता येतं, अगदीच झालं तर भिगवण चौकात रस्ता अडवता येतो. तेल अवीवला जायचं तर आमची एसटी स्वारगेटला थांबते.

आता स्टुडिओ. लोखंडी पलंग, त्यावर आडवी टाकलेली खाट, वरून आईच्या हातच्या तीन गोधड्या, आत मी आणि माइक. बाहेरचा आवाज येत नाही असं भाचा म्हणतो. त्यानं गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून जाताना गोधडीत बसून पाहावं. म्हणून रात्री बसतो. पण रात्रीच मोटारीची लाइट येते आणि त्याच वेळी अमेरिकेतलं गिऱ्हाईक जागं होतं. एक पाय उसाच्या सरीत आणि एक पाय न्यू जर्सीत, असा आमचा संसार चाललाय. बायको म्हणते, "अहो, आधी बारं द्या, मग काय ते इमोशनल व्हा."

परवा उसावरच्या औषधाची जाहिरात आली. एजन्सी दिल्लीकडची. सांगितले शंभर शब्द, पाठवले एकशे ऐंशी. आमच्याकडं याला काटामारी म्हणतात. मजकूर असा: 'प्रिय किसान भाऊ, आपल्या ऊसाच्या जडांना पांढरा सुरवंट खात आहे काय?' मी कळवलं, साहेब, त्याला हुमणी म्हणतात. उत्तर आलं, 'हुमणी या कोण? त्यांची परवानगी लागेल का?' मी सगळं समजावलं. मग आलं, 'नको, सामान्य लोकांना समजेल असंच ठेवा.' सामान्य लोक गोधडीतच बसले होते.

मी जसा बोलतो तसा बोललो. परत आलं. 'ऑथेंटिक वाटत नाही, अजून गावाकडचं करा.' दुसऱ्यांदा जरा हेल काढला. परत. तिसऱ्यांदा मात्र तमाशापटातल्या पाटलासारखा खाकरलो, "आवंऽ पाव्हनंऽ" करत मिशीला पीळ दिल्याचा आवाज काढला, तो कसा काढतात हे मलाही माहीत नाही. पाच तारे! हुमणीचं खरं ऐकायचं तर बारामतीत शारदा कृषी वाहिनी आहे, कृषी विज्ञान केंद्राची. तिथं माणसं माणसांसारखी बोलतात. त्यामुळंच दिल्लीला ती ग्रामीण वाटायची नाहीत.

अटींच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती की नमुन्याचा आवाज 'सेवा सुधारण्यासाठी' वापरला जाईल. भाच्याला विचारलं, तर म्हणाला, मशीन तुमच्यावरून बोलायला शिकेल. शिकलंही असेल. चहातला च आणि चाऱ्यातला च यांतला फरक त्याला अजून कळत नाही, एवढाच दिलासा. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या मशीनवाल्यांना मनाई केली. अरिजितच्या आवाजाला कोर्टाचं संरक्षण आहे, माझ्या आवाजाला गोधडीचं.

काल बिनपाण्याच्या टाकीची जाहिरात करत होतो, म्हणजे टाकी पाण्याचीच, पण मजकुरात पाणी कुठं नव्हतं. लाइट जाईल या भीतीनं भर दुपारी उरकलं आणि पाठवून दिलं. तासाभरात निरोप. 'तुमचा आवाज ठीक. पण अकराव्या सेकंदाला मागून एक माणूस बोलतो. तो कोण?'

लावून ऐकलं. टाकीच्या मागून बारीक, पण स्वच्छ: "भंगाऽर! जुनं लोखंड, पत्रा, बॅटरीऽ!"

माफी मागून पुन्हा करून देतो म्हणालो. ते म्हणाले, 'नको. आम्हाला तोच माणूस हवा. किती नैसर्गिक आहे! रेट काय त्याचा?'

मी बराच वेळ गोधडीत बसून राहिलो. मग लिहिलं, "दुप्पट. आणि रोख घेतो."

त्यांनी नमुना मागितलाय. भंगारवाला आज निमसाखरला गेलाय, संध्याकाळी येईल.