पाच नंबरावर दिवाडी

लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की मांडवीच्या धक्क्यावर उतरून तो जुन्या गोव्यातल्या एका दगडी कमानीखालून वाजतगाजत शहरात शिरत असे. सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस्को द गामाने आपल्या पणजोबांच्या, म्हणजे वास्कोच्या, आठवणीखातर ती बांधली. आता या कमानीतली हौशी रहदारी उलट्या दिशेने चालते. सकाळी आठच्या सुमारास हेल्मेट घातलेली, नाकाला पांढरं क्रीम फासलेली मंडळी विजेच्या सायकली ढकलत तिच्याखालून नदीकडे निघतात. कमानीवरचा दगडी वास्को नदीकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्याला ही मंडळी फक्त पाठमोरी दिसतात. त्यातल्या त्यात त्याचं नशीब.

सहलीचा बेत कागदावर सुटसुटीत असतो. फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचं, विजेच्या सायकलीवरून बेट बघायचं, तिथेच जेवायचं, रायबंदरमार्गे चोडण बेटावर जायचं आणि दुपारी खारफुटीतून कयाक वल्हवायची. सायकल, वल्हं, लाइफ जॅकेट, जेवण आणि गाइड हे सगळं पैशात आलं. फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही. हे कळल्यावर ठाण्याहून आलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक काका फार विचारात पडले. ‘म्हणजे आपण जे भरले त्यात बोटीचे किती धरले?’ असं त्यांनी गाइडला विचारलं. गाइड दिवाडीचाच पोरगा. हा प्रश्न त्याला नवा नसावा, कारण त्याने ताबडतोब सायकलीचं प्रात्यक्षिक सुरू केलं.

आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की अशा सायकलीला ना नोंदणी लागते ना लायसन्स. हँडलवर एक छोटा पडदा असतो आणि शून्यापासून पाचपर्यंत नंबर. शून्यावर ही साधी सायकल. पुढे जसा नंबर वाढेल तशी मोटरची मदत वाढते. पायडल फिरलं की सेन्सरला कळतं आणि मागून कोणीतरी ढकलल्याचा भास होतो. ‘पहिल्यांदा एकवर ठेवा,’ गाइड म्हणाला. काकूंना ‘पहिल्यांदा’ ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, हे नंतरही स्पष्ट झालं नाही. त्यांनी थेट पाच लावला. काकांनी तत्त्व म्हणून शून्य. तरुणपणी ठाण्याहून घोडबंदरला सायकलने जाऊन आलेल्या माणसाला मोटरची मदत म्हणजे अपमान, असं त्यांचं म्हणणं होतं.

फेरीबोट पलीकडे टेकली. फळी खाली पडली. स्कूटरवाले, दुधाचे कॅन, शाळेतल्या बाई असे सगळे शिस्तीत उतरले. मग काकूंनी एक पाय पायडलवर ठेवला. दुसरा ठेवायच्या आत सायकल निघाली होती, आणि बरीच वर्षं सायकलला हात न लावलेल्या काकू ‘अहो! अहो!’ करत बेटावर दाखल झाल्या. ‘अहो’ अजून बोटीतच होते. पुण्याहून आलेल्या आयटीतल्या जोडप्यापैकी नवऱ्याने या प्रसंगाचं चित्रीकरण केलं; बायकोने ते लगेच काकूंना पाठवलं.

दिवाडीचा रस्ता सुरुवातीला खाजन शेतीतून जातो. खाजन म्हणजे खाडीलगतची सखल जमीन, मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतलेली. पावसाळ्यात माती धुतली जाऊन खारेपण उतरलं की तिथे कोरगूट नावाचं, खारं सोसणारं भात पिकतं. पीक निघाल्यावर त्याच पाण्यात मासळी आणि कोळंबी. या सगळ्याची गुरुकिल्ली म्हणजे मानस. बांधात बसवलेली ही लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी दार लोटून बाहेर पडतं आणि भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. गाइडने सायकली थांबवून ते दाखवलं. दारांच्या फटीतून पाणी बारीक धारांनी गळत होतं, फळ्यांना कालवं चिकटली होती आणि एक बगळा त्या गळतीवर डोळा ठेवून उभा होता.

‘आणि रात्री कोण उघडतं?’ आयटीवाल्याने विचारलं.

‘पाणी.’

‘नाही, म्हणजे ऑपरेट कोण करतं?’

‘पाणी,’ गाइड पुन्हा म्हणाला आणि सायकलवर बसला.

तेवढ्यात मागून पोंय-पोंय आवाज आला. गोव्यातल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हा भोंगा. साध्या, गंजलेल्या सायकलीवर मागे पोळ्यांची भलीमोठी टोपली (या पोळ्या कोंड्याच्या पावाच्या, आपल्या पोळ्यांशी त्यांचा संबंध नाही), एक हात हँडलवर, दुसरा भोंग्यावर. अशा थाटात तो सहा बॅटऱ्यांच्या ताफ्याला ओलांडून गेला. वळणावर त्याने मागे वळून पाहिलं. दया होती की काय होती, सांगता येत नाही.

दिवाडी बहुतेक सपाट आहे. अपवाद पिएदादच्या टेकडीचा. वर चर्च आहे, आणि तिथून मांडवीचे फाटे, जुन्या गोव्याचे मनोरे आणि खालची खाजनं असं सगळं एका नजरेत येतं. आताचं चर्च अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्याच एका पाद्र्याने, अंतोनियो जुआंव द फ्रियास याने, उभारलं. शेजारच्या दफनभूमीत कदंबांच्या काळातल्या देवळाच्या खुणा उरल्या आहेत. हे सगळं वर पोचल्यावर. वाटेत चढ आहे, आणि विजेची सायकल ही मोटर-बॅटरीसकट साध्या सायकलीपेक्षा चांगलीच जड असते. शून्य नंबरावर ते सगळं वजन आपलं. अर्ध्या चढावर काका उतरले आणि टायरमधली हवा तपासू लागले. हवा ठीक होती. मग चेन तपासली. तिचंही काही म्हणणं नव्हतं. काकू केव्हाच वर पोचून चर्चच्या पायरीवर पदराने वारा घेत होत्या. काका शेवटी पोचले तेव्हा त्यांच्या पडद्यावर ठळक तीन दिसत होता. ‘हात लागला असेल,’ ते म्हणाले.

दिवाडीची खरी गोष्ट मात्र टेकडीच्या पलीकडे, नार्व्याच्या बाजूला आहे, आणि बहुतेक सहली तिला पाच मिनिटं देतात. पिवळ्या भिंतीच्या आणि निळ्या खिडक्यांच्या घरासमोर फोटो काढण्यात त्याआधी अर्धा तास गेलेला असतो. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं आराध्यदैवत. त्याचं देऊळ या बेटावर होतं. बहामनी स्वाऱ्यांत ते मोडलं, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. बेटावर आता कोटितीर्थाची तळी आहे. तिच्या दगडी भिंतींत दिव्यांसाठी असावेत असे कोनाडे आणि खाली शेवाळलेलं पाणी. लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यात गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. तो शिलालेख आजही दारावर वाचता येतो. एकटे सप्तकोटेश्वरच नव्हेत. याच बेटावरचा नावेलीचा गणपती खांडोळ्याला गेला आणि चोडणची देवकी बाळकृष्णाला घेऊन मये करत माशेलला पोचली. या बेटांवरून देवांनीही पलीकडचा तीर गाठला होता, आणि तो सहलीला म्हणून नव्हे. इथे काका पहिल्यांदाच गाइडच्या पुढे बोलले, सनावळीसकट बोलले, आणि कोणीही त्यांना थांबवलं नाही. आयटीवाल्यानेही मोबाइल खिशात ठेवला.

जेवण एका घराच्या ओसरीवर होतं. उकडा भात, हुमण, किसमूर, तळलेली काळुंदरं. काकांनी दोन काळुंदरं संपवून तिसऱ्याची चौकशी केली. काकू केळी आणि शहाळ्यावर होत्या. त्यांची संकष्टी होती. यजमानीण बाईंना फार वाईट वाटलं आणि त्यांनी आणखी चार केळी आणून ठेवली. काकूंचं पोट केळ्यांनी आणि काकांचं माशांनी भरल्यावर ओसरीवर जरा पडायची टूम निघाली. गाइड घड्याळ बघत होता. त्याने तीनदा ‘मागीर उशीर जातलो’ म्हणून पाहिलं. चौथ्यांदा त्याने सायकली स्वतःच रस्त्यावर नेऊन ठेवल्या.

दिवाडीहून फेरीने रायबंदर, रायबंदरहून दुसऱ्या फेरीने चोडण. दुसऱ्या फेरीत गाइडने दिवाडीच्या बोंदेरा या सणाची गोष्ट सांगितली. वाड्यांतले हद्दीचे तंटे मिटवायला पोर्तुगीजांनी जागोजागी निशाणं रोवली. लोकांनी दगड मारून ती पाडली. त्या भांडणाची आता ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मिरवणूक निघते. काका म्हणाले, ‘आमच्या सोसायटीत पार्किंगला हेच करायला हवं.’

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सगळंच खारफुटीचं. कयाक मात्र बाजूच्या एका खाडीत होत्या, नारिंगी रंगाच्या, दोघादोघांच्या. जगभरचे कयाक शिकवणारे या दोन माणसांच्या कयाकला ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात. कारण यांत्रिक आहे. दिशा मागच्याच्या हातात, पण पुढचं सगळं पुढच्यालाच दिसतं. शिवाय दोघांची वल्ही एका तालात पडली नाहीत तर ती एकमेकांवर आपटतात. वजनाने जड माणूस मागे बसवतात, म्हणून काका मागे बसले. बसताक्षणी ओरडले, ‘अहो, भोक आहे! होडीला भोक आहे!’

भोक एक नव्हतं, चांगली चार-पाच होती, आरपार. वर बसायच्या कयाकला ती मुद्दाम ठेवतात; आत उडालेलं पाणी त्यांतून खाली निथळतं आणि होडी पोकळ प्लास्टिकची असल्यामुळे बुडत नाही. बुडाखाली मात्र थोडं पाणी राहतंच. काकांनी सगळा प्रवास आपल्या हातरुमालाने एक भोक दाबून धरून केला, म्हणजे वल्हं मारायला एकच हात उरला, म्हणजे कयाक स्वतःभोवती फिरली. काकू पुढून शांतपणे एवढंच म्हणाल्या, ‘ते झाड मघाशी पण होतं.’

झाडं मात्र बघण्यासारखी. कांदळाची मुळं कमानी करून चिखलात उतरलेली. तिवराची मुळं उलटी, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, श्वास घ्यायला. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांबट शेंगेसारखं लोंबत राहतं, खाली पडलं की तिथेच चिखलात रुतायच्या तयारीत. चिखलावर निवटे कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून सरपटत होते, एक खंड्या फांदीवरून सुटला आणि पाण्याला टोचून परत आला. पुण्याच्या बाईंनी हळूच विचारलं, ‘मगरी असतात का?’ गाइड खरं बोलला. दिवाडीला लागून असलेल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात सुसरी नव्हे, खऱ्या मगरी आहेत. या बाजूलाही कधी दिसतात. त्यानंतर आयटीवाल्यांची वल्ही दिवसभरात पहिल्यांदाच एका तालात पडू लागली.

साडेपाचच्या सुमारास खाडी अरुंद होत गेली. आधी वल्ह्याला चिखल लागला, मग कयाकच्या बुडाला, आणि काका-काकूंची होडी थांबली. ‘रुतली,’ काका म्हणाले. ‘पाणी उतरलंय,’ काकू म्हणाल्या. ‘आज चतुर्थी. तीनला पूर्ण भरती होती. आपण आलो साडेचारला.’ काकूंचं माहेर दापोलीकडचं, समुद्राकाठचं. तिकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीचे तीन, अष्टमीचे सहा. गाइडने चिखलात गुडघाभर उतरून कयाक ढकलता ढकलता त्यांच्याकडे आदराने पाहिलं. दुपारपासून तो हेच सांगू पाहत होता. त्या खाडीत पाच नंबरही नव्हता आणि शून्यही. ‘देव बरें करूं,’ तो म्हणाला. काकूंनी ‘असू दे’ म्हणून उरलेली दोन केळी त्याला दिली.

तर जाणार असाल तर सायकलची बॅटरी किती चालते हे विचारू नका. सपाट दिवाडीला ती पुरून उरते. कयाक किती वाजता आणि त्या दिवशी भरती किती वाजता, हे विचारा. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, कधी थोडी जास्त, पुढे सरकते. पाऊणपटीचा हिशेब त्यावरूनच आला आहे आणि गोव्याच्या किनाऱ्यालाही तो ढोबळमानाने लागू पडतो. दुपारी खारफुटीत शिरायचं असेल तर द्वितीया ते पंचमी उत्तम, शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला भर दुपारी खाडीत चिखल असतो. आणि दिवाडीच्या ओसरीवर जेवण असेल त्या दिवशी संकष्टी आली तर तसं आधीच कळवा. केळी भरपूर मिळतात, काळुंदरं मात्र संपतात.