विज्ञान प्रदर्शन निर्विघ्न पार पाडण्यासाठी काही सूचना

विज्ञान दिनाच्या तयारीला गॅदरिंगचा मांडव उतरण्याआधीच लागावे. मांडववाल्याला दुसऱ्यांदा बोलवावे लागत नाही आणि हारवालाही ओळखीचा झालेला असतो. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’चा शोध लावला, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि १९८७ पासून तो दिवस विज्ञान दिन म्हणून साजरा होतो, एवढे मुलांकडून घोकून घ्यावे. १९२१ मध्ये जहाजाने परतताना समुद्र निळा का दिसतो हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला होता, हे मात्र सांगू नये. वर्गात निम्म्या मुलांना आधीच नको तिथे ‘का’ विचारायची खोड असते. तिला नोबेलचा आधार कशाला?

प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण अर्थातच ज्वालामुखी. मध्ये बाटली, भोवती थर्माकोलचा डोंगर, त्यावर तपकिरी रंग. बाटलीत खाण्याचा सोडा टाकून वरून लाल रंगाचे व्हिनेगर ओतावे. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे तो वेळेवर मिळत नाही; आधीच आणावा. शेजारच्या ‘प्लास्टिकमुक्त गाव’ या प्रतिकृतीसाठी लागणारा थर्माकोलही त्याच फेरीत आणून ठेवावा. सोड्याचा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि ज्वालामुखीत असले काही घडत नाही, हा विषय पाहुण्यांपुढे निघता कामा नये.

खरा धोका वेगळाच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा ज्या काळ्या कातळावर उभ्या आहेत, तो कातळच लाव्हाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो डोंगराच्या तोंडातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वाहत आला आणि थरावर थर बसत गेले. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. म्हणजे आपण दरवर्षी मांडतो तो शंकू इटलीचा, आणि आपला ज्वालामुखी आपण चपला घालून तुडवतो आहोत. हे एकदा फुटले की आवरत नाही. मग एखादे पोर नव्या संडासाच्या बांधकामाला आणलेल्या खडीच्या ढिगातून भोकाभोकांचा दगड उचलून आणते. भोके म्हणजे लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा, आणि त्यांतल्या काहींत नंतर पाझरत्या पाण्याने तयार केलेले पांढरे, चमकणारे स्फटिक. असा दगड दिसताक्षणी जप्त करावा. तो भिंगाखाली गेला की वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो आणि पाहुण्यांच्या भाषणाला समोर फक्त खुर्च्या राहतात. शिवाय दगड फुकट मिळतो. त्याचे बिल कुठल्या खात्यावर लावणार?

आधुनिक विज्ञान हवेच, असा वरून आग्रह असतो. त्यासाठी चांद्रयान पुरते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी चंद्रावर यान उतरताना सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या होत्याच. आता चंदेरी कागदाचे यान करून दोऱ्याने टांगावे आणि खाली तारीख लिहावी. ‘विक्रम लँडर जेमतेम दोन आठवडेच का चालला?’ असे कोणी विचारले तर ‘बॅटरी संपली’ म्हणून मोकळे व्हावे. तिथला दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो, मग तेवढीच लांब रात्र होते आणि सौर पट्ट्यांना ऊन मिळत नाही, हे अंधाऱ्या खोलीत एक चेंडू आणि एक टॉर्च घेऊन पाच मिनिटांत दाखवता येते. म्हणूनच ते टाळावे. चेंडू प्रत्येकाच्या घरी असतो, टॉर्च प्रत्येक मोबाइलमध्ये. मुले घरी जाऊन पुन्हा करतील.

प्रयोगशाळेच्या कपाटाबद्दल जास्त लिहायला नको. किल्ली सरांकडे, सर ट्रेनिंगला. थ्रीडी प्रिंटर असल्यास त्यावरचे प्लास्टिक तपासणीच्या दिवशीच काढावे आणि संध्याकाळी पुन्हा चढवावे.

एका बाबतीत निसर्गानेच आपल्याला सांभाळून घेतले आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला एक काठी आणि मोकळे मैदान यापलीकडे काही लागत नाही. पण पहिला दिवस येतो मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलै किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आभाळ भरलेले. तरीही बेसावध राहू नये. पुण्यात मेच्या मध्याला ही सावली बाराला नाहीशी होत नाही, त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने होते, कारण आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची आहे आणि पुणे तिच्या बरेच पश्चिमेला. सुट्टीत आजोळी गेलेल्या एखाद्या मुलीने अंगणात काठी रोवून हे पाहिले, तर जूनमध्ये ती ‘बारा वाजता सूर्य माथ्यावर’ हे वाक्य फळ्यावरून पुसायला सांगेल. तिला आधी हजेरीपट घेऊन ऑफिसात पाठवावे.

परीक्षकांसाठी मुलांना दोन-दोन वाक्ये द्यावीत. ‘नमस्कार, माझ्या प्रकल्पाचे नाव…’ इथून सुरू करून ‘धन्यवाद’पर्यंत थांबू देऊ नये. मध्ये कोणी बटण दाबून दिवा लावून बघू लागले तर हलकेच हात धरावा. ‘हात लावू नये’ ही पाटी प्रत्येक टेबलावर ठळक हवी, विशेषतः ‘कृतियुक्त शिक्षण’ या फलकाखाली. बक्षीस ज्वालामुखीला द्यावे. तो बहुधा अध्यक्षांच्या नातवाचा असतो, आणि नसलाच तर करणाऱ्या वडिलांचे कष्ट वाया जाऊ नयेत.

राहिला प्रश्न दगड आणणाऱ्या पोराचा आणि काठीवाल्या मुलीचा. दोघांनाही स्वागत समितीत घ्यावे. फाटकाशी उभे राहून गुलाबपाणी शिंपडायचे. एवढे करूनही ती दोघे गुलाबदाणीच्या तोंडाची भोके मोजून त्यातून थेंब का उडतात यावर वाद घालताना दिसली, तर दाणी काढून घ्यावी आणि फुलांचे ताट द्यावे.