कॅमेऱ्याची चौकशी

आमचा एक मित्र बँकेतून निवृत्त झाला आणि त्यानं कॅमेरा घेतला. निवृत्तीनंतर माणसं होमिओपॅथी, नर्मदा परिक्रमा किंवा सोसायटीचं सेक्रेटरीपद यांपैकी काहीतरी धरतात. त्या मानानं हा छंद निरुपद्रवी, असं आम्ही समजत होतो. फोटो काढणं निरुपद्रवी असतंच. उपद्रव दाखवण्यापासून सुरू होतो.

पूर्वी त्याला आपोआप आळा बसायचा. रोल 36 फोटोंचा, धुऊन येईपर्यंत वाट बघायची, प्रत्येक प्रतीचे पैसे वेगळे. प्रेक्षक म्हणजे घरी आलेले पाहुणे. पोह्यांच्या बश्या भरल्या जाईपर्यंत अल्बम त्यांच्या मांडीवर यायचा, "बोटं उमटतात, कडेनं धरा" अशी ताकीद मिळायची आणि चहा होईपर्यंत सुटका नसायची. पण त्या बिचाऱ्यांनी फोटो बघितलेला असायचा. एखादी मावशी चष्मा पुसून विचारायची, "ही मागे तोंड फिरवून बसलीय ती कुणाची रे?" फोटो काढणाऱ्यालाही ती तोवर दिसलेली नसायची.

आता मित्राचा फोटो सकाळी उजाडायच्या आत सगळ्या ग्रुपांवर येऊन थडकतो. खाली एकच ओळ: 'मनापासून अभिप्राय द्या. चुका सांगा.' शाळेतल्या एका वर्गमित्रानं हे खरं मानलं आणि 'क्षितिज डावीकडे कललंय' असं लिहिलं. त्या दोघांचं बोलणं पुढे बरेच दिवस बंद होतं. बाकीचे आम्ही शहाणे झालो. अंगठा, जोडलेले हात, 'अप्रतिम!!' यावर भागवतो. मग कुणीतरी हमखास विचारतं, 'कॅमेरा कोणता?' मित्र इमानेइतबारे उत्तर देतो, लेन्सच्या मिलिमीटरसकट. त्यानंतर किंमत, हप्ते, कुणाचा तरी भाचा अमेरिकेहून येताना आणेल का, यावर दुपारपर्यंत चर्चा रंगते आणि फोटो वर सरकत सरकत दिसेनासा होतो.

ओळखीचे लोक भिडेपोटी बोलत नाहीत, तेव्हा अनोळखी लोकांसमोर जावं, असं त्याच्या मनानं घेतलं. नातीनं इन्स्टाग्राम उघडून दिलं. 2010 साली ते सुरू झालं तेव्हा तिथे फक्त चौकोनी फोटो चालायचे; आडव्या-उभ्याला मोकळीक मिळाली 2015 मध्ये. पण मोकळीक मिळाली तरी माणसं फोन उभाच धरतात. आडवा फोटो त्यात पट्टीएवढा दिसतो. "आबा, आडवं कोण बघतं?" असं नात म्हणाली, आणि आबांचं तर सगळं भिगवण आडवं.

त्या भिगवणला मी त्याची पिशवी धरायला गेलो होतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि तिथले मच्छीमार भल्या पहाटे छायाचित्रकारांना होडीतून नेतात. आमच्या नावाड्यानं थवा दिसताच मोटर बंद केली आणि बांबूनं होडी ढकलत नेली. मित्रानं धडाधड फोटो काढले. नावाडी मागून वाकला, स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, पाय गेले की." खरंच गेले होते. गुलाबी पंख, मान, चोच सगळं जागच्या जागी आणि पाय गुडघ्यापासून गायब. "उडायच्या आधी ती पाण्यावरनं पळत्यात. माना ताठ झाल्या की तयार राहा. खाली जागा सोडा." मित्र तयार राहिला. माना ताठ झाल्या, सगळी रांग शिंतोडे उडवत पळाली आणि त्याचा आजवरचा सर्वांत चांगला फोटो निघाला. कॅमेरा कोणता, हे नावाड्यानं विचारलं नाही. तसले कॅमेरे तो रोज वाहतो.

तो फोटो इन्स्टाग्रामवर पट्टी होऊन पडला. त्याच दिवशी जेवताना फोनवर सहज काढलेल्या तळलेल्या चिलापीला मात्र भरघोस बदाम मिळाले. रोहितांच्या फोटोखाली एका अनोळखी पेजनं 'जबरदस्त काम! आम्हाला पाठवा' असं लिहिलं तेव्हा मित्र हरखला. पाठवल्यावर त्यांनी प्रसिद्धीचे दर कळवले.

त्याची समजूत काढायला मी व्हिव्हियन मायरची गोष्ट सांगितली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणाऱ्या या बाईनं लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत; कित्येक रोल तर धुतलेदेखील नव्हते. भाडं थकल्यामुळे तिचं सामान 2007 मध्ये लिलावात गेलं तेव्हा ते बाहेर आले. 2009 मध्ये ती वारली आणि नाव झालं ते त्यानंतर. मित्रानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई थोर. पण माझा बरा आलाय का, ते मला आत्ता कळायला हवं." यात मला काही गैर दिसत नाही. जिवंतपणी विचारायचं आणि जिवंत माणसांनाच विचारायचं, एवढीच त्याची मागणी आहे. गंमत इतकीच की हजारो डोळ्यांपुढे ठेवलेल्या त्या फोटोबद्दल कामाचं जे काही बोललं गेलं, ते होडीतच बोलून झालं होतं.

तुमच्याही ग्रुपवर असा एखादा असेलच. उद्या सकाळी त्याचा फोटो आला की अंगठा देण्याआधी दोन बोटांनी मोठा करून बघा आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहा. 'उजवीकडचा तिसरा पक्षी एकटाच उलट्या दिशेला पळतोय' एवढंही पुरे. कॅमेऱ्याची चौकशी दुकानात करा.